गुल्ली-डंडा मरत नाही म्हणून डोस वाढवू नकोस
कर्नालच्या गव्हात फवारणीला तीन आठवडे झाले आणि गुल्ली-डंडा, ते गव्हासारखं दिसणारं तण, हिरवागार, म्हणतोस. औषध बनावट असेलही, पण आधी शेतात उकिडवा बस. रोप बुडाशी मोड. लालसर रस दिसला तर तो गहू नव्हे. मग बघ, पट्टाच्या पट्टा राहिलाय का? तर नोझल चुकलंय. मेलेल्या रोपाला खेटून त्याच वयाचं दुसरं ठणठणीत उभं असेल, तर मात्र मला प्रतिकाराची शंका येते.

रोपाला औषधाची 'सवय' होत नाही, हे डोक्यातून काढ. लाखोंत एखादं आधीच वेगळं असतं. बाकीची मरतात, ते उरतं आणि बी सांडतं. हरियाणा-पंजाबात वर्षानुवर्षं भात-गहू आणि गव्हावर तेच एक तणनाशक, आयसोप्रोट्युरॉन. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासं झालं, कारण उरलेली रोपं ते आतल्या आत मोडून निकामी करत होती. पुढे क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन आली. आज त्यांनाही दाद न देणारं तण तिथे आहे.

दुकानदार डबा बदलून देईल, तू गट बघ, म्हणजे औषध तणावर कुठे घाव घालतं ते. क्लोडिनाफॉप आणि फेनोक्झाप्रॉप एकाच जागी घालतात, म्हणजे गट एकच. पुढच्या हंगामात पेरणीमागोमाग, तण उगवायच्या आत, पेंडिमिथॅलिन हे तणनाशक मार, जमलं तर ऑक्टोबरअखेरच पेर. एखाद्या वर्षी गव्हाऐवजी बरसीम हे चाऱ्याचं पीक घे, कापण्यांत तण बी धरायच्या आत जातं. आणि यंदा उरलेली रोपं ओंब्या पिकायच्या आत उपटून बांधाबाहेर ने. कंटाळवाणं काम आहे, माहीत आहे.