वाचकांचे प्रश्न : खत बदलले की स्प्रेडरचा आकडाही बदलतो

प्रश्न : पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेत सुमारे 600 चौरस मीटर हरळीची हिरवळ आहे. दोन चाकांचा, हाताने ढकलून खत पसरण्याचा स्प्रेडर घेतला तेव्हा हिरवळीवर टाकण्याच्या तयार दाणेदार खतासाठी तो 12 या आकड्यावर ठेवण्यास सांगितले होते आणि काम छान झाले. त्या खतात नत्र 20 टक्के होते. नंतर त्याच आकड्यावर युरिया टाकला, तर आठवड्याभरात गडद हिरवे व फिकट पट्टे उमटले आणि काही ठिकाणी गवत करपले. यंत्र बिघडले आहे का? आता 10:26:26 (नत्र 10, स्फुरद 26 व पालाश 26 टक्के असलेले खत) टाकायचे आहे, त्यासाठी कोणता आकडा ठेवावा?

उत्तर : आपल्या वर्णनावरून यंत्रात बिघाड दिसत नाही. यंत्रावरचा 12 हा आकडा पेटीच्या तळाची झडप किती उघडली आहे एवढेच सांगतो. त्या फटीतून किती ग्रॅम खत बाहेर पडेल आणि ते किती लांब उडेल, हे दाण्यावर ठरते. पेरताना चाड्यावर मूठ धरणारा शेतकरी ज्वारीला एक मूठ धरतो आणि हरभऱ्याला दुसरी. स्प्रेडरला ही समज नसल्यामुळे ती आपल्याला मोजून द्यावी लागते.

युरियाचा दाणा साधारण 1 ते 2.8 मिलिमीटरचा, गुळगुळीत आणि हलका असतो. लिटरभर युरिया जेमतेम पाऊण किलो भरतो. 10:26:26 चा दाणा 4 मिलिमीटरपर्यंत जाड असतो आणि लिटरभर खत किलोच्या आसपास भरते. जड व मोठा दाणा झडपेखालच्या, खत उडवणाऱ्या फिरत्या तबकडीवरून लांब जातो, हलका व बारीक दाणा जवळच पडतो. आपण मात्र दोन फेऱ्यांमधील अंतर पूर्वीएवढेच ठेवले असणार. त्यामुळे मधल्या पट्ट्यांना खत कमी मिळाले आणि तेच फिकट राहिले. करपण्याचे कारण वेगळे आहे. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे तेवढ्याच वजनात आपण आधीच्या खताच्या सव्वादोन पटींहून अधिक नत्र दिले.

प्रत्येक खतासाठी दोन मोजण्या कराव्यात. पहिली पट्ट्याच्या रुंदीची. वाहनतळाच्या कोरड्या फरशीवर चालण्याच्या दिशेला आडव्या अशा नऊ सारख्या, उथळ ट्रे अर्ध्या-अर्ध्या मीटरवर मांडाव्यात, चाकांपुरती वाट मोकळी ठेवावी आणि एकाच दिशेने पाच-सहा वेळा त्यांच्यावरून यंत्र न्यावे. मग प्रत्येक ट्रेमधील खत तोलावे. मध्यभागी पडलेल्या वजनाच्या निम्मे वजन डावीकडे व उजवीकडे ज्या जागी मिळते, त्या दोन जागांमधील अंतर म्हणजे आपली कामाची रुंदी. कडेला पडणारे विरळ खत शेजारच्या फेरीत भरून निघते, म्हणून दाणे जिथपर्यंत उडतात तिथपर्यंतची रुंदी धरू नये. पट्टे उमटण्याचे सर्वांत मोठे कारण हीच चूक असते. एका बाजूला सतत जास्त खत पडत असेल, तर यंत्रावर दाणे तबकडीवर पडण्याची जागा सरकवण्याची सोय आहे का, ते पाहावे.

दुसरी मोजणी वजनाची. समजा, युरियाची रुंदी 3 मीटर आली. दर चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया, म्हणजे 4.6 ग्रॅम नत्र, ही मात्रा आपण धरली आणि ती उभ्या व आडव्या अशा दोन हातांत विभागून द्यायची ठरवली (मी नेहमी हाच सल्ला देतो, कारण एका हातात राहिलेली उणीव दुसऱ्यात झाकली जाते), तर एका हाताला 5 ग्रॅम पुरतात. वीस मीटरच्या तीन फेऱ्यांमध्ये 180 चौरस मीटर जागा व्यापली जाते, म्हणून 900 ग्रॅम खत पडायला हवे. पेटीत 5 किलो तोलून भरा, तीन फेऱ्या मारा आणि उरलेले पुन्हा तोला. 3 किलो 650 ग्रॅम उरले, तर 1,350 ग्रॅम पडले, म्हणजे दीडपट. झडप थोडी मिटवून पुन्हा मोजा. आकडा दोन-तृतीयांश केला की खतही तेवढेच होईल, असे मात्र धरू नये. फट लहान होताना दाण्यांचा ओघ त्याहून वेगाने घटतो. फरशीवरचे खत झाडून पुन्हा वापरता येते.

चालण्याचा वेग ठरवून घ्यावा. 20 मीटर अंतर सुमारे 15 सेकंदांत कापावे. झडपेतून खत वेळेच्या हिशेबाने पडते, म्हणून सावकाश चालणाऱ्याच्या हातून जास्त पडते. शिवाय चाके मंद फिरली की तबकडीही मंदावते आणि पट्टा अरुंद होतो. ज्या माळीदादांनी खत टाकायचे, त्यांनीच मोजणी करावी. आधी चालू लागावे, मग झडप उघडावी; थांबण्यापूर्वी ती मिटावी. पेटी पूर्ण भरण्याची गरज नाही, कारण टाकीतल्या पाण्याप्रमाणे दाण्यांचा ओघ वरच्या भाराने वाढत नाही.

यावरून 10:26:26 चा आकडा मी इथून का सांगू शकत नाही, हे आपल्या लक्षात येईल. त्याची रुंदी युरियाहून अधिक येण्याची शक्यता आहे, म्हणून फेऱ्यांमधील अंतरही नव्याने ठरवावे. खताचे नाव, आकडा, रुंदी आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात युरिया दमट होऊन त्याचा ओघ मंदावतो, तेव्हा तोच आकडा पुन्हा तपासावा लागतो.

प्रश्न : युरिया व सुपर फॉस्फेट एकत्र करून, तसेच निंबोळी पेंड या यंत्रातून टाकता येईल का?

उत्तर : युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र केल्यावर मिश्रणाला पाणी सुटते आणि ते चिकट होऊन झडपेत अडकते. दाणे वेगवेगळ्या आकाराचे असतील, तर कोरडे मिश्रणही सारखे पडत नाही, म्हणून दोन्ही खते स्वतंत्र मोजून टाकावीत. निंबोळी पेंडीची भुकटी हातानेच फोकावी. गोळ्यांच्या रूपात मिळाली, तर वरील मोजणी करून यंत्रातून टाकता येते. काम झाल्यावर पेटी, तबकडी व झडप पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कारण खताचा थर राहिला तर लोखंडी भाग गंजतात, झडप घट्ट होते आणि वहीतला आकडा जुळेनासा होतो.