लेन्स कोणती घेऊ? भटक्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात म्हटलं होतं की फिरायला निघायच्या आधी कॅमेऱ्याबद्दल काय अडलंय ते कळवा, तर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर: लेन्स. त्यातले काही प्रश्न इथे घेतोय. एकसारखे होते ते एकत्र केलेत. नवख्यांसाठी एवढंच: १८-५५ सारखे आकडे म्हणजे लेन्सची फोकल लेंथ, मिलिमीटरमध्ये (एमएम); आकडा लहान तितकं जास्त दृश्य मावतं (वाइड), मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं (टेली). आणि क्रॉप सेन्सर म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या 'फुल फ्रेम'पेक्षा लहान सेन्सर. "सर बेस्ट लेन्स कोणती" एवढंच लिहिणाऱ्यांनी कृपया कॅमेरा कोणता आणि जाणार कुठे हे कळवावं, मी ज्योतिषी नाही.

प्रश्न (पुणे): माझ्याकडे कॅननचा क्रॉप सेन्सर डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स आहे. दिवाळीनंतर हरिश्चंद्रगड आणि सांदण दरी असा प्लॅन आहे. बजेट एकाच लेन्सचं. दुकानदार म्हणतो लँडस्केप म्हणजे वाइडच, १०-१८ घ्या. मित्र म्हणतो ५५-२५० घे. काय करू? आणि इंद्रवज्र (धुक्यावर उमटणारं रंगीत गोल कडं) दिसेल का?

उत्तर: मित्राचं ऐका. पण त्याआधी एक काम करा, ते फुकट आहे. गेल्या वर्ष-दीड वर्षातले तुमचे स्वतःला आवडलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये फोकल लेंथ बघा. बरेचसे १८ वर काढलेले असतील आणि तरी मागे सरकत सरकत काढल्याचं आठवत असेल तर तुम्हाला वाइड हवीय. ५५ वर काढून नंतर क्रॉप केलेले जास्त असतील तर टेली हवीय. दुकानदाराला तुमचे फोटो माहीत नसतात, त्याला स्टॉक माहीत असतो.

आता मी टेलीच्या बाजूने का ते सांगतो. अल्ट्रावाइडबद्दल लोकांचा एक समज असतो की "सगळं मावतं" म्हणजे सगळं भव्य दिसतं. होतं उलटं. १० एमएमवर कोकणकड्यावरून समोरचा कोकण काढला तर लांबचे डोंगर एवढेसे होतात आणि निम्मी फ्रेम नुसतं रिकामं आभाळ. अल्ट्रावाइडला पायाशी काहीतरी लागतं, अगदी हाताच्या अंतरावर: कातळ, कारवीचं झुडूप, पाण्याचं डबकं, मगच ती लेन्स बोलायला लागते. कोकणकड्याचा स्वतःचा जो आत वळलेला, बाहेर झुकलेला अर्धगोल आहे ना, तो एका फ्रेममध्ये घ्यायचा असेल तर मात्र १० एमएमला तोड नाही, हे कबूल. (कडेला झोपून काढा, आणि सोबत्याला पाय धरायला सांगा, यात लाज नाही.)

पण त्याच गडावर पहाटे तारामतीच्या माथ्यावर गेलात की एकामागे एक रांगा दिसतात, प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकी, आणि ते थर १५०-२०० एमएमवरच सापडतात. टेली लांबच्या गोष्टी जवळ आणते तशीच त्यांना एकमेकांजवळही आणते, म्हणून धूसर हवासुद्धा इथे कामाला येते. वाइडमध्ये तीच धूसर हवा फोटो मारून टाकते.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. वाइडची कमतरता जोडकामाने भरून काढता येते, टेलीची येत नाही. १८ एमएमवर कॅमेरा उभा धरायचा, एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स फिक्स, फोकस लॉक (म्हणजे फ्रेमागणिक उजेड, रंग, फोकस बदलत नाही), आणि पाच-सहा फ्रेम काढायच्या, प्रत्येकीत आधीच्या फ्रेमचा तिसरा भाग येऊ द्यायचा. घरी पॅनोरामा जोडा, १० एमएमपेक्षा जास्त तपशील मिळतो. सरकतं धुकं असेल तर जोडताना त्रास होतो एवढंच. सांदणमध्येही हेच, दरी अरुंद आणि दोन्ही बाजूंच्या भिंती उंच, तिथे कॅमेरा आडवा धरून खालून वर फ्रेम काढत जा. ५५ एमएमच्या फोटोतून २५० मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही, क्रॉप केलं तर उरतात फक्त ठिपके.

वजनाचं म्हणाल तर कॅननची १०-१८ साधारण २४० ग्रॅम, ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅम. दोन्ही सॅकमध्ये कळत नाहीत. पुढे पैसे आले की १०-१८ पण घ्या, वाईट लेन्स नाहीच ती.

इंद्रवज्राबद्दलही तुम्ही विचारलंय. दिवाळीनंतर चान्स कमी, त्याला दरीत धुकं आणि पाठीमागे खालचं ऊन दोन्ही एकाच वेळी लागतं, म्हणजे पावसाळ्याची सकाळ. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सच्या १८३५ मध्ये छापलेल्या लेखात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलेल्या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन आहे, तेव्हापासून लोक कॅमेरा घेऊन तिथे उभे आहेत असं म्हणायला हरकत नाही. यात गंमत अशी की धुक्यावर आपल्या सावलीभोवती उमटणारं ते रंगीत कडं काही अंशांचंच असतं, त्यामुळे वाइडमध्ये ते बिल्ल्याएवढं दिसतं. तुमच्या किट लेन्सचं ५५ चं टोक तिथे बरोब्बर. साध्या इंद्रधनुष्याचं वेगळं, त्याची पूर्ण कमान ८४ अंशांपर्यंत पसरते, ती एका फ्रेममध्ये हवी तर क्रॉप बॉडीवर १२-१३ एमएम लागते, फुल फ्रेमवर २०.

प्रश्न (सातारा): दादा, मी कॉलेजला आहे. कासला दोनदा गेलो पण माझ्या फोटोत फुलांचा गालिचा येतच नाही, मधे मधे नुसतं गवत आणि माती दिसते. निकॉनचा कॅमेरा आहे, १८-५५ आणि ७०-३००. वाइड लेन्स घेऊ का?

उत्तर: अजिबात नको, तुझ्याकडे हवी ती लेन्स आहे आणि ती बॅगेत पडून आहे. गालिच्याचे जे फोटो तू बघतोस त्यातले बरेचसे टेलीने काढलेले असतात. उभं राहून वाइडने खाली बघितलं की फुलांमधली मोकळी जमीन दिसणारच. त्याऐवजी वाटेच्या कडेला गुडघ्यावर बस, कॅमेरा फुलांच्या उंचीच्या थोडा वर आण, ७०-३०० दोनशेच्या आसपास ठेव आणि लांबवर पसरलेला तेरड्याचा पट्टा घे. पुढची फुलं मागच्या फुलांवर चढतात, मधली माती झाकली जाते, झाला गालिचा. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ किंवा ११ ठेव (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर १/३२० च्या खाली जाऊ देऊ नकोस कारण पठारावर वारा थांबत नाही.

एकेकटं फूल हवं असेल, सीतेची आसवं किंवा मिकी माउस म्हणतात ती कवला, तर त्याच ७०-३०० च्या पुढे क्लोज-अप फिल्टर लाव, मॅक्रो लेन्सच्या मानाने किरकोळ पैशात काम होतं. आणि एक सांगतो, फुलांत झोपून फोटो काढणारे दरवर्षी दिसतात, तू त्यांच्यातला होऊ नकोस. २०१२ पासून कास पठार जागतिक वारसा यादीत आहे, पण यादीत नसतं तरी हेच सांगितलं असतं.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): नाशिकहून आई-बाबा आलेत, त्यांना फेब्रुवारीत योसेमिटी नॅशनल पार्कला नेतोय. निकॉन झेड फुल फ्रेम आहे. १४-२४, २४-७० आणि ७०-२००, तिन्ही एफ २.८ आहेत. तिन्ही नेऊ की काही घरी ठेवू?

उत्तर: आधी बेरीज करा. १४-२४ साधारण ६५० ग्रॅम, २४-७० म्हणजे ८०५, ७०-२०० ट्रायपॉडची कॉलर काढून १३६०. एकूण २.८ किलो, बॉडी आणि ट्रायपॉड सोडून. आणि सोबत आई-बाबा. तुम्ही लेन्स बदलत बसाल आणि ते थंडीत उभे राहतील, मग आई म्हणेल "झालं का रे तुझं" आणि तुम्ही कॅप शोधत असाल.

एफ २.८ हे कमी उजेडातल्या लग्नाच्या हॉलसाठी, लँडस्केपला दिवसाउजेडी त्याचं काही काम नसतं. फुल फ्रेमवर २४ एमएम, एफ ८, फोकस अडीच मीटरवर ठेवला की साधारण सव्वा मीटरपासून ते क्षितिजापर्यंत सगळं शार्प. निकॉनचीच २४-१२० एफ ४ आहे ६३० ग्रॅमची, कुणाकडून आठवड्याभरासाठी मिळाली तर ती एकटी न्या आणि विषय संपवा. टनेल व्ह्यू पॉइंटवरून डावीकडे एल कॅपिटनचा कडा, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, मधे मागे हाफ डोम शिखर, हे सगळं २४-३५ मध्ये आरामात बसतं, आणि १२० ला एकटा हाफ डोम घ्या, खरा फोटो तोच असतो.

फेब्रुवारी म्हणालात म्हणून एक अपवाद. त्या महिन्याच्या मधल्या-शेवटच्या दिवसांत एल कॅपिटनच्या पूर्व अंगावरचा हॉर्सटेल धबधबा सूर्यास्ताला पेटल्यासारखा केशरी दिसतो. त्यासाठी वर बर्फ वितळून पाणी वाहत असायला हवं आणि पश्चिमेचं आकाश मोकळं हवं, दोन्ही तुमच्या हातात नाही. तो बघायचा बेत असेल तर ७०-२०० न्यावीच लागेल, खालून बघताना पाण्याची ती रेघ फार बारीक असते. काही वर्षी त्या दिवसांत शनिवार-रविवारी आत जायला रिझर्वेशन लागलंय, आधी बघून ठेवा. १४-२४ घरी राहू दे, तिची आठवण येणार नाही.

प्रश्न (नागपूर): बाइकने लडाख. सोनीचा क्रॉप सेन्सर मिररलेस. लेन्स बदलायची कटकट नको, एकच हवी. लोक सुपरझूमला (वाइड ते टेली सगळं एकाच लेन्समध्ये) नावं ठेवतात.

उत्तर: ठेवू द्या. लोक घरी बसून कोपरे झूम करून बघतात. लडाखच्या रस्त्यावर धूळ इतकी असते की दर वळणावर लेन्स काढणाऱ्याच्या सेन्सरवर संध्याकाळपर्यंत ठिपके जमलेले असतात आणि ते नेमके निळ्या आभाळात दिसतात. मिररलेसमध्ये तर सेन्सरपुढे आरसाही नसतो. टॅमरॉनची १८-३०० सोनी माउंटमध्ये येते, ६२० ग्रॅम, सकाळी लावा आणि रात्रीच काढा. कोपरे थोडे मऊ येतील, एफ ८ ला बरेच सुधारतात. रात्री ताऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर ही लेन्स पडते अपुरी, तेवढ्यासाठी एखादी छोटी १५-१६ एमएमची प्राइम (झूम न होणारी लेन्स) खिशात टाका.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा, लेन्सपुढे फिरवायचा फिल्टर) जपून वापरा. सूर्याच्या ९० अंशात आभाळ सगळ्यात गडद होतं, आणि एवढ्या उंचीवर ते मुळातच गर्द निळं असतं, पूर्ण फिरवलात तर दुपारी बाराला रात्र झाल्यासारखं दिसतं. वाइडला तर आभाळाचा एक पट्टा काळा आणि बाजूचा फिका. पँगाँगच्या पाण्यावरची चकाकी कमी करायला मात्र मस्त.

प्रश्न (ठाणे): प्रवासाला प्राइम की झूम?

उत्तर: झूम. दरीच्या कडेवर दोन पावलं पुढे जाऊन फ्रेम जुळवता येत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): सेकंडहँड टेली मिळतेय, दिसायला नवी आहे. पण आमच्याकडे फंगसची (बुरशीची) भीती. कशी तपासू? आणि घेतली तर पावसाळ्यात ठेवू कशी?

उत्तर: कोकणात हा प्रश्न लेन्स निवडण्याइतकाच मोठा आहे. बाहेरून नवी दिसण्याला अर्थ नाही. दोन्ही कॅप काढा, खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने जरा तिरका धरा आणि पुढून आत बघा, मग उलट. लेन्स हळूहळू फिरवत राहा कारण सरळ उजेडात फंगस लपतो. सुटे बारीक कण दिसले तर ती धूळ, ती प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते आणि फोटोत येत नाही. कडेपासून आत शिरलेले केसासारखे धागे, फांद्या फुटल्यासारखे, दिसले की तो फंगस. सगळीकडे पातळ दुधी पडदा दिसला तर तो हेझ, उन्हाविरुद्ध फोटो काढला की सगळा कॉन्ट्रास्ट खाऊन टाकतो.

मग भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, ट्रायपॉडवरून समोरासमोर फोटो काढा, झूमच्या दोन्ही टोकांना, सगळ्यात उघड्या अॅपर्चरवर. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा पुसट आणि बाकी तीन स्पष्ट असतील तर कधीतरी पडलेली आहे, आतली काच सरकलीय. विकणारा "एवढं कोण बघतं" म्हणाला तर तुम्ही बघता म्हणून सांगा.

ठेवायचं म्हणाल तर कापडी बॅगेत किंवा चामड्याच्या केसमध्ये जूनपासून अजिबात नको, ते ओल धरतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात गरम करून परत वापरता येतं. जमलं तर इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट घ्या, तीन-चार लेन्स झाल्या की परवडतं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर दव धरतं, बॅग बंद ठेवूनच अर्धा तास जाऊ द्या.

आणि त्या सौद्यात धागा एक जरी दिसला तरी, किंमत कितीही पाडून मिळाली तरी, सोडा. साफ करून घेतली तरी फंगसने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर ते कोटिंग परत येत नाही.