गोचिडांची लस कुत्र्याला टोचता येईल का?

प्रश्न : परदेशात गाईंना गोचिडांविरुद्ध लस टोचतात असं वाचलं. आमच्याकडे दोन लॅब्रॅडॉर आहेत. पावसाळा सरला की अंगणभर गोचीड होतात. ती लस कुत्र्यांना चालेल का? (सातारा)

उत्तर : नाही. कुत्र्यांना गोचिडांपासून वाचवणारी लस आज बाजारात नाही, आणि गाईंची लस कुत्र्याला टोचू नका. तिची मात्रा कुत्र्यासाठी ठरवलेली नाही. शिवाय तिच्यातल्या तेलकट माध्यमामुळे टोचल्या जागी गाठ येऊ शकते.

गाईंसाठीच्या लशी १९९० च्या दशकात आल्या : ऑस्ट्रेलियात ‘टिकगार्ड’, क्युबात ‘गाव्हॅक’. दोन्हींत ‘बीएम८६’ हे एकच प्रथिन. ते गुरांवरच्या गोचिडाच्या आतड्यातल्या पेशींवर असतं. लस घेतलेल्या गाईच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात. रक्त पिताना ती गोचिडाच्या पोटात जातात आणि आतड्याच्या पेशी फोडतात. काही गोचीड मरतात. उरलेल्या माद्या पुरत्या फुगत नाहीत आणि अंडी कमी घालतात. म्हणजे आज अंगावर असलेले गोचीड गळून पडत नाहीत, पुढच्या पिढ्यांत त्यांची संख्या घटत जाते. गोचीड चावताना लाळ सोडतो, आतड्यातलं प्रथिन सोडत नाही. त्यामुळे चाव्यांमधून गाईच्या शरीराला त्या प्रथिनाची आठवण होत नाही. म्हणूनच ‘गाव्हॅक’ची पहिली मात्रा दिली की चौथ्या व सातव्या आठवड्यात पुन्हा आणि पुढे दर ६ महिन्यांनी टोचावी लागते.

कुत्र्याचं गणित वेगळं आहे. गुरांचा गोचीड अळीपासून मादी होईपर्यंत साधारण ३ आठवडे एकाच जनावरावर राहतो, म्हणून प्रत्येक घोट प्रतिपिंडांचाच असतो. आपल्याकडच्या कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड तीनदा चढतो आणि तीनदा उतरतो. अळी काही दिवस रक्त पिऊन खाली पडते, भेगेत कात टाकते, पुढच्या अवस्थेत पुन्हा चढते. ही तीन जेवणं तीन वेगळ्या कुत्र्यांवर होऊ शकतात. तुमच्या दोघांना लस दिली तरी गल्लीतल्या भटक्यावर गोचिडाचं पोट भरणारच. दुसरी अडचण कुत्र्याच्याच शरीराची. हा गोचीड वारंवार चावला तर गिनीपिगच्या अंगात प्रतिकार तयार होतो, कुत्र्याच्या अंगात तो जवळजवळ होत नाही. बीएम८६ आणि गोचिडाच्या इतर प्रथिनांवर प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत गुरांच्या गोचिडांवरच्या लशीचं संशोधनही झालं आहे. पण कुत्र्याच्या मालकाने आज विकत घेण्याजोगं त्यातून काही आलेलं नाही.

प्रश्न : दरवर्षी नऊ रोगांची लस देतो, शिवाय ‘गोचिडाचं इंजेक्शन’ही. तरी गोचीड होतात. लस फसली का? (पुणे)

उत्तर : नऊ रोगांची लस डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरा वगैरेंसाठी आहे, गोचिडांशी तिचा संबंध नाही. ‘गोचिडाचं इंजेक्शन’ बहुधा आयव्हरमेक्टिन असतं. ते औषध आहे, लस नव्हे. गोचिडांवर ते भरवशाचं नाही, आणि कोली व तत्सम जातींतल्या काही कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे ते थेट मेंदूत शिरतं. तोल जाणं, झटके, बेशुद्धी, कधी मृत्यू. तेव्हा काय टोचलं ते नाव दर वेळी कार्डावर लिहून घ्या. परदेशात आता वर्षातून एकदा टोचायचं फ्लुरालानर मिळतं, तेही औषधच.

प्रश्न : महागडी गोळी दिली, दोन आठवड्यांत पुन्हा गोचीड दिसले. गोळी बनावट होती का? (कोल्हापूर)

उत्तर : आधी हे सांगा, दिसलेला गोचीड कसा होता? चपटा, चालणारा किंवा नुकताच चिकटलेला असेल तर गोळी काम करते आहे. अफॉक्सोलानर (दर महिन्याला), सॅरोलानर (दर महिन्याला) आणि फ्लुरालानर (१२ आठवडे) ही औषधं रक्तातून गोचिडाला मारतात. त्यासाठी त्याने चावलंच पाहिजे. चावल्यावर मरायला औषधानुसार साधारण १२ ते ४८ तास लागतात, आणि मेलेला गोचीडही काही वेळ चिकटून राहतो. मात्र गोळीनंतर आठवड्याने राखाडी, चवळीएवढा टम्म फुगलेला गोचीड सापडला तर काहीतरी चुकलंय. बहुतेकदा वजन कमी धरलेलं असतं किंवा तारीख उलटलेली असते. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोन लहानांना देऊ नका. फ्लुरालानर पोटभर जेवणासोबत द्या, उपाशीपोटी ते कमी शोषलं जातं. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गटातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खरी फौज कुत्र्यावर नसते, घरात असते. एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालते, आणि हा गोचीड वर चढतो. म्हणून नुसती फरशी पुसून भागत नाही. चौकटीमागे, पंख्याच्या पट्टीत, छताच्या कोपऱ्यात टॉर्च मारून बघा. भेगा सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवा. अंथरूण गरम पाण्यात, ६० अंशांवर, आठवड्यातून एकदा धुवा. भिंतींवर जागेसाठी असलेलंच औषध बाटलीवरच्या प्रमाणात फवारा. अंडी फवारणीत वाचतात आणि साधारण ३ आठवड्यांनी फुटतात, म्हणून फवारणी २-३ आठवड्यांनी पुन्हा करा. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी गोळी द्या आणि हे निदान ३ महिने चालवा. महिन्याभरात गोचीड दिसेनासे झाले की लोक थांबतात, तिथेच घोळ होतो. उपाशी गोचीड भेगेत महिनोन्महिने जगतात.

अमिट्राझ हे गोचीडनाशक कुत्र्याच्या अंगाला लावायचं असेल तर १२.५ टक्क्यांचं द्रावण १ लिटर पाण्यात ४ मिलिलिटर. हातमोजे घाला, मोकळ्या जागेत लावा, नंतर अंग धुऊ नका, चाटू देऊ नका. लहान पिल्लाला आणि मधुमेही कुत्र्याला नको. घरात मांजर असेल तर अमिट्राझ आणि परमेथ्रिन हे दुसरं गोचीडनाशक, दोन्ही टाळा.

प्रश्न : गोचीडतापाची तरी लस आहे का? (म्हापसा)

उत्तर : गोचीडताप आणणारे मुख्य जंतू दोन : बेबेशिया आणि अर्लिशिया. युरोपात एका बेबेशियावर, म्हणजे बेबेशिया कॅनिसवर, लस निघाली आहे. आपल्याकडे बेबेशिया गिब्सोनी आणि बेबेशिया व्होगेली आढळतात, ती त्यांच्यासाठी नाही. अर्लिशियावर लस नाहीच, आणि तो जंतू गोचीड चिकटल्यापासून अवघ्या ३ तासांतही कुत्र्यात जाऊ शकतो. म्हणजे सर्वोत्तम गोळीही त्याला शंभर टक्के अडवत नाही. फिरवून आणलं की लगेच कान, बोटांच्या फटी, शेपटीखाली आणि काखेत बोटं फिरवा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल, काडी, तेल वापरू नका, नखाने चिरडू नका. यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा तपकिरी लघवी यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्या. प्लेटलेटचा आकडा मागा आणि रक्ताचा थर सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.