कपाटात नसलेली ती कुपी

प्रश्न : मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला असताना ब्राउन शुगरच्या नादी लागला. व्यसनमुक्ती केंद्रातून मागच्या महिन्यात घरी आलाय. जास्त झालं तर शुद्धीवर आणणारा नाकातला स्प्रे अमेरिकेत मेडिकलमध्ये सहज मिळतो, असं भाचा सांगतो. आपल्याकडं का नाही? – एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, प्रश्न अगदी वेळेवर विचारलात. केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडेच जास्त धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचाच डोस जिवावर बेततो.

औषधाचं नाव नॅलॉक्सोन. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये त्याच्या ४ मिलिग्रॅमच्या स्प्रेला चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी मिळाली. आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे, पण इंजेक्शन म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. चिठ्ठी कुणी लिहीत नाही म्हणून आम्ही मेडिकलवाले ठेवत नाही, आणि आम्ही ठेवत नाही म्हणून कुणी लिहीत नाही.

निपाणीतल्या माझ्या दुकानाच्या बाकड्यावर एकदा शेजारच्या गल्लीतल्या पोराला आणून निजवलं होतं. ओठ जांभळे, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. घड्याळ धरून श्वास मोजले, मिनिटाला पाच. पाठीमागे कपाटं औषधांनी गच्च भरलेली, आणि ती एक कुपी नव्हती! तोंडानं श्वास देत राहिलो. गाडी आली, पोरगा वाचला. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावात गाडी पोचायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून प्रशिक्षण देऊन हे औषध गावोगावच्या मेडिकलमध्ये ठेवू द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

तोवर तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा : कुपी घरी ठेवायला लिहून द्याल का, दंडात टोचायला शिकवाल का? दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर हे चालत नाही. अफू, मॉर्फिन, हेरॉइन (ब्राउन शुगर हे त्याचंच रूप) अशा अफूच्या जातीच्या नशेवरच चालतं. पोटात ती नसतील तर अपायही होत नाही. असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, त्यामुळं पोरगा उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचंच.

तसा प्रसंग आलाच तर आधी १०८ लावा. हाक मारा, छातीवर मुठीनं चोळा. श्वास अडखळत असेल तर तोंडानं द्या, नीट चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा. पाणी पाजू नका. आणि काय घेतलं होतं ते डॉक्टरांपासून लपवू नका.