चषक जिंकून दिला, तरी कोच गेला!

प्रश्न : काका, नमस्कार. मी टॉटनहॅम हॉटस्पर या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा चाहता. २१ मे २०२५ ची, युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीगची फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. आम्ही मित्रांनी ती जागून पाहिली. मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून क्लबने १७ वर्षांनी चषक जिंकला. सकाळी सेव-उसळ खाऊनच सगळे घरी गेलो. आणि ६ जूनला क्लबने कोच अँज पोस्टेकोग्लूंना काढून टाकलं! फर्ग्युसनना पहिला चषक जिंकायला युनायटेडने साडेतीन वर्षं दिली होती. यांना दोन वर्षांत जिंकूनही नारळ? बाबांचं म्हणणं वेगळंच : ‘कोच बदलून काही होत नाही. आपल्या भारतीय फुटबॉल संघाने कोच स्टिमॅचला काढलं, काय दिवे लागले?’ तुम्ही इतकी वर्षं पोरं खेळवलीत. तुम्ही काय केलं असतं?
— एक विद्यार्थी, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : मीही त्यांना काढलं असतं. तुला राग येईल, पण आधी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले आकडे बघ. त्यांच्या पहिल्या दहा सामन्यांत ८ विजय, २ बरोबरी, २६ गुण. त्यानंतरच्या ६६ सामन्यांत मिळून ७८ गुण. म्हणजे सामन्यामागे सव्वा गुणसुद्धा नाही. महिना-दोन महिने संघ ढेपाळला तर मी कोचच्या पाठीशी उभा राहीन, समितीशी भांडेन. पण हे पावणेदोन मोसम चाललं. शेवटी २२ पराभव आणि सतरावा क्रमांक. त्याच्या खालचे तिघे खालच्या लीगमध्ये गेले.

तू म्हणशील, दुखापती किती झाल्या! झाल्या, आणि त्या बघून माझाही जीव तुटत होता. गोलरक्षक विकारिओ घोट्याचं हाड मोडलेलं असताना मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना पूर्ण खेळला आणि मग ऑपरेशनला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये चेल्सीविरुद्ध रोमेरो आणि व्हॅन डी व्हेन हे दोन्ही मुख्य बचावपटू एकाच सामन्यात जायबंदी झाले. मग आर्ची ग्रे हा अठरा वर्षांचा, मधल्या फळीत खेळणारा मुलगा बचावाच्या मधोमध उभा राहिला. पोरगं जिवाच्या आकांताने खेळलं.

पण दुखापतींचा सगळा दोष नशिबावर टाकता येत नाही. नोव्हेंबर २०२३ चा चेल्सीविरुद्धचा सामना तुला आठवत असेल. दहा सामन्यांच्या त्या सुंदर सुरुवातीनंतरचा हा अकरावा. रोमेरो आणि उडोगी दोघांना लाल कार्ड, मैदानावर नऊच जण, आणि तरीही बचावफळी मध्यरेषेपाशी! चेल्सीने मागे चेंडू टाकायचा आणि आपल्या पोरांनी वळून अर्धं मैदान धावायचं. १-४ असे हरलो, आणि व्हॅन डी व्हेनच्या मांडीचा स्नायू त्याच सामन्यात गेला. लोकांना ते धाडस फार आवडलं, टाळ्याही वाजल्या. मला मात्र तेव्हाच काळजी वाटली. पळून पळून बचावपटूंचे स्नायू जात असतील तर सराव किती घ्यायचा आणि फळी कुठे उभी करायची, हे कोचच्याच हातात असतं. पहिल्या मोसमात ६१ गोल खाल्ले, दुसऱ्यात ६५. दोन वर्षांत मागची बाजू सुधारली नाही, उलट आणखी उघडी पडली.

आता आर्सेनलकडे बघ. (तुमच्या कट्टर वैऱ्याचं नाव घेतोय, माफ कर.) कोच अर्टेटाच्या हाताखाली संघ लागोपाठ दोनदा आठवा आला. तिथेही ‘काढा याला’ म्हणून ओरड होती. पण गोल खाण्याचा आकडा ४८ वरून ३९ वर आला होता. गुणतक्त्यातली जागा तीच राहिली, तरी आतलं काम पुढे सरकत होतं. ते बघून थांबण्यात शहाणपण होतं. पुढे तीन मोसम लागोपाठ दुसरा क्रमांक आला.

फर्ग्युसनचं उदाहरण प्रत्येक वादात येतं. १९८६ च्या नोव्हेंबरात आले, १९९० ला एफए कप जिंकला. पण मधे १९८८ मध्ये लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला होता, हे कुणी सांगत नाही. आणि ज्यांना असंच सांभाळून घेतलं आणि तरी काही घडलं नाही, अशा कोचांची नावं तुला-मला पाठ नाहीत.

राहिली ती फायनल. बेचाळिसाव्या मिनिटाला गोल झाला आणि मग सगळा संघ आपल्या पेनल्टी क्षेत्रात दाटीवाटीने उभा राहिला. युनायटेडच्या होयलुंडचा हेडर व्हॅन डी व्हेनने हवेत आडवं होऊन गोलरेषेवरून बाहेर काढला, तेव्हा मीही खुर्चीतून उठलो होतो. त्या रात्री पोस्टेकोग्लूंनी आपला हट्ट सोडून, हातातल्या खेळाडूंना झेपेल असा खेळ आखला. त्याचं श्रेय पूर्ण त्यांचं. पण मग हेच शनिवार-रविवारच्या लीग सामन्यांत का जमवलं नाही? या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नाही आणि माझं मत तिथेच पक्कं झालं.

बाबांना मात्र माझा नमस्कार सांग, कारण त्यांचं म्हणणं पोकळ नाही. नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ पर्यंतचे कोचबदल अभ्यासून निघालेला निष्कर्ष असा : कोच काढलेले संघ सावरले, पण तितक्याच वाईट अवस्थेतले, कोच न बदललेले संघही जवळपास तसेच सावरले. आणि भारतीय संघाची गोष्ट तर अगदी वेगळी. राष्ट्रीय कोचला खेळाडू थोडेच दिवस मिळतात, विकत तर कुणालाच घेता येत नाही. आयएसएल या आपल्या लीगमध्ये पुढच्या जागी बहुतेक परदेशी खेळतात, मग गोल करणारा आपला मुलगा घडणार कुठे? गोल करणाऱ्या सुनील छेत्रीला चाळिसाव्या वर्षी निवृत्ती सोडून परत यावं लागलं, यातच सगळं आलं. स्टिमॅच गेले, मानोलो मार्केझ आले, तेही आधी एफसी गोवा सांभाळत सांभाळत. १० जून २०२५ ला हाँगकाँगकडून ०-१ हरलो. मार्केझच्या आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध. कोचच्या हाती नसलेलं दुखणं कोच बदलून बरं होणार नाही. टॉटनहॅममध्ये दुखणं बऱ्याच अंशी कोचच्या हातातलं होतं.

क्लबची एक गोष्ट मात्र मला बिलकुल पटली नाही. त्यांनी फायनलनंतर माणसाला सोळा दिवस टांगणीवर ठेवलं. मिरवणूक निघाली, गावभर जयजयकार झाला आणि मग पत्र हातात दिलं. आमच्या इथे एका स्पर्धेत समितीने याच्या उलट केलं होतं : पोलो ग्राउंडवर हरलो त्याच संध्याकाळी, पोरांच्या बुटांचे बंद सुटायच्या आत कोच बदलला. दोन्ही वाईटच. मी समितीत असतो तर फेब्रुवारीतच पोस्टेकोग्लूंना समोर बसवून सांगितलं असतं की मे महिन्यात आम्ही लीगचं काय बघणार आहोत आणि चषकाला किती वजन देणार आहोत. मग निर्णय काहीही होवो, तो त्यांना आधीच कळलेला असता.

पोस्टेकोग्लूंच्या जागी जून २०२५ मध्ये ब्रेंटफर्डचे कोच थॉमस फ्रँक आले. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत संघाने किती गोल खाल्ले, ते वहीत मांडून मला कळव. गुणांचं नंतर बघू.