गाशा गुंडाळण्यापूर्वी

प्रिय सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

परदेशातील बाजारपेठेतून बाहेर पडावे की नाही, यावरील टिपणीचा तुझा कच्चा मसुदा मिळाला. तोट्याचे आकडे तू नीट मांडले आहेस. परंतु तोटा झाला म्हणून कंपन्या निघून जातात, हे जे तू गृहीत धरले आहेस, ते मला पटले नाही. वर्षानुवर्षे तोटा सोसत टिकून राहणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, आणि चांगला चाललेला धंदा विकून गेलेल्याही आहेत. सिटी बँकेने भारतातील क्रेडिट कार्डांचा आणि किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय 2023 मध्ये अ‍ॅक्सिस बँकेकडे सोपवला, तो येथे ग्राहक मिळेनात म्हणून नव्हे. 2021 मध्येच तिने एकूण 13 देशांतून हा व्यवसाय आवरता घेण्याचे ठरवले होते.

जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीच्या पुण्याजवळील तळेगाव येथल्या कारखान्याचे प्रकरण तू मुळापासून अभ्यासावेस, असे मला वाटते. 2008 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याच्या भरवशावर कंपनीने जुलै 2015 मध्ये भारतात एक अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर केली आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, मे 2017 मध्ये, आपल्या शेव्हरोले गाड्यांची येथील विक्री वर्षअखेरीस बंद करत असल्याचे सांगून टाकले. बाजारातील हिस्सा एक टक्क्याच्या आसपास घसरला होता, हे खरे. परंतु त्याच मार्चमध्ये कंपनीने युरोपातील ओपेल फ्रान्सच्या प्युजो समूहाला विकण्याचा करार केला होता, आणि भारताबाबतच्या घोषणेच्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतील कारखाना इसुझूकडे देण्याचे जाहीर झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे निर्णयाचे खरे स्वरूप दिसते. मुख्यालयात भारताचा ताळेबंद एकटा तपासला जात नव्हता. मारुती आणि ह्युंदाई यांनी व्यापलेल्या छोट्या गाड्यांच्या बाजारात नवे मॉडेल आणण्यासाठी ओतायचा पैसा अन्यत्र लावला तर किती परतावा मिळेल, हा प्रश्न होता. तुझ्या टिपणीत नेमका हाच प्रश्न नाही.

दुसरे असे की, बाजार सोडणे आणि कारखाना सोडणे हे दोन निर्णय आहेत. 2016-17 मध्ये या कंपनीने भारतात सुमारे 26 हजार गाड्या विकल्या, तर येथून सुमारे 70 हजार निर्यात केल्या. त्यामुळे गुजरातमधील हालोलचा तिचा दुसरा कारखाना चीनच्या सैक समूहाकडे गेला, तरी तळेगावचा कारखाना मेक्सिकोसारख्या बाजारांसाठी गाड्या बनवत डिसेंबर 2020 पर्यंत चालू राहिला. पूर्ण माघारीखेरीज असा मधला मार्ग असतो, आणि तो तपासल्यावाचून टिपणी वर पाठवू नये.

खरी कसोटी मात्र घोषणेनंतर लागते. तळेगावचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचे जानेवारी 2020 मध्ये ठरले. एप्रिलमध्ये भारताने सीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारी पूर्वपरवानगी सक्तीची केली. 15 जून रोजी ग्रेट वॉलने महाराष्ट्र शासनाशी 3,770 कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री लडाखमधील गलवानमध्ये भारत आणि चीनच्या सैनिकांची झटापट झाली. परवानगी अखेरपर्यंत मिळाली नाही, 2022 च्या मध्यावर व्यवहार बारगळला, आणि ह्युंदाईशी करार होण्यास ऑगस्ट 2023 उजाडला. उत्पादन थांबलेल्या कारखान्याची राखण, देखभाल आणि कायदेशीर खर्च या साऱ्या काळात चालूच होता. असा खर्च तू एका ओळीत 'किरकोळ' म्हणून दाखवला आहेस!

कामगारांचा प्रश्न त्याहून अवघड होता. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायचा तर 90 दिवस आधी शासनाकडे परवानगी मागावी लागे. कामगार संघटना न्यायालयात गेली, आणि ती जाणारच होती. पुढे ह्युंदाईने जमीन, इमारती व काही यंत्रसामग्री घेतली, मनुष्यबळ नव्हे. चालता उद्योग विकला तर माणसे सोबत जाऊ शकतात, केवळ मालमत्ता विकली तर ती मागे राहतात. विक्रीचा प्रकार निवडताना हा फरक वकिलांवर सोडून देण्याची प्रथा आहे; ती मला गैर वाटते. एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने तिच्या हस्तांतराला महामंडळाची संमती लागते, हेही नोंदवून ठेव.

वितरकांचा उल्लेख तुझ्या मसुद्यात कोठेच नाही. कामगारांना निदान कायद्याचा आधार असतो. शोरूमसाठी स्वतःचे भांडवल आणि बँकेचे कर्ज घालणाऱ्या वितरकाच्या हाती बहुतेक वेळा कंपनीने लिहिलेला करारच असतो. शेव्हरोलेच्या वितरकांनी देऊ केलेली भरपाई अपुरी असल्याची तक्रार केली होती. विकलेल्या गाड्यांची वॉरंटी व सुटे भाग पुरवण्याची हमी कंपनीने दिली, तशी तरतूद तुझ्याही अंदाजपत्रकात वर्षनिहाय दिसली पाहिजे.

तेव्हा मसुदा पुन्हा लिही. घोषणेनंतरच्या किमान तीन वर्षांचा रोख खर्च वेगळा मांड, आणि खरेदीदार माघार घेईल असे धरून एक स्वतंत्र तक्ता कर. आकडे भरण्यापूर्वी तेथील कामगारविषयक काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याशी प्रत्यक्ष बोल, ईमेलवर विसंबू नकोस. सुधारित प्रत संचालक मंडळाकडे जाण्यापूर्वी मला दाखव.

कळावे, लोभ असावा.