40 कोटींचा सिनेमा तोट्यात कसा?

प्रश्न : एका मराठी सिनेमाच्या पोस्टरवर ‘40 कोटींचा टप्पा पार’ असं वाचलं. पुढच्याच महिन्यात निर्मात्याची मुलाखत आली, त्यात तो म्हणतो, पैसे बुडाले. खरं कोण बोलतंय? – एक वाचक, सांगली

दोघंही खरं बोलत असतील. पोस्टरवरचा आकडा तिकीटबारीवर जमलेल्या सगळ्या पैशांचा, म्हणजे ग्रॉस. थिएटरचा वाटा गेल्यावर वितरकामार्फत, म्हणजे सिनेमा थिएटरांपर्यंत पोचवणाऱ्यामार्फत, निर्मात्याकडे येतो तो शेअर. या दोन आकड्यांच्या मध्ये बरेच हात असतात आणि ते प्रेक्षकाला कुणी मोजून दाखवत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

समजा, तुम्ही मल्टिप्लेक्सला 236 रुपयांचं तिकीट काढलंत. शंभराच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 36 रुपये सरकारचे. उरले 200, याला धंद्यात नेट म्हणतात. अ‍ॅपवरून बुकिंग करताना वर जे पैसे कापले जातात ते सिनेमाच्या हिशेबात येत नाहीत, पॉपकॉर्नचेही येत नाहीत. आता या 200 ची वाटणी. 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं बिनसलं आणि एप्रिलपासून जूनपर्यंत मल्टिप्लेक्सला नवे मोठे हिंदी सिनेमे लागलेच नाहीत. त्यातून तोडगा निघाला तो असा : पहिल्या आठवड्यात नेटचे 50 टक्के वितरकाला, दुसऱ्या आठवड्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि चौथ्यापासून पुढे 30. साधारण याच चौकटीत अजूनही बोलणी होतात. एक पडदा थिएटरांचा प्रकार वेगळा. तिथे कुठे टक्केवारी, कुठे आठवड्याचं ठरलेलं भाडं.

तुमच्या 40 कोटींना हे लावून बघू. कर वजा जाता सुमारे 34 कोटी नेट. सगळे आठवडे मिळून सरासरी 45 टक्के धरले तर शेअर पंधरा कोटींच्या थोडा वर. वितरकाचं कमिशन दहा टक्के धरा, दीड कोटी गेले. जाहिरातीवर निर्मात्याने 4 कोटी खर्च केले असतील तर राहिले दहाच्या आत. सिनेमा 12 कोटींत बनला असेल तर थिएटरच्या धंद्यात दोन कोटींचा खड्डा आहे. तो टीव्ही आणि ओटीटीच्या हक्कांतून बुजला तर ठीक, नाहीतर निर्माता मुलाखतीत जे म्हणाला ते अक्षरशः खरं. हाच सिनेमा 5 कोटींत बनला असता तर त्याच 40 कोटींवर त्या घरात दिवाळी झाली असती. सिनेमा चालला की पडला हे म्हणूनच गल्ल्याचा आकडा एकटा सांगू शकत नाही. शेजारी खर्चाचा आकडा लागतो, आणि तो पोस्टरवर कधीच नसतो.

जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करतानाही जपून. ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला लागला तेव्हा महाराष्ट्रात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता. जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि ती सूट गेली. त्यामुळे ‘सैराट’चे शंभर कोटी आणि आजच्या सिनेमाचे शंभर कोटी यांतून हातात पडणारी रक्कम सारखी नाही.

प्रश्न : आमच्या मैत्रिणींचा दुसऱ्या शनिवारी एक मराठी सिनेमा बघायचा बेत ठरला होता. सगळीकडे चांगलं बोललं जात होतं. पण गुरुवारी बघितलं तर शहरात एकच खेळ, तोही सकाळी पावणेदहाचा. लोक बघायला तयार असताना सिनेमा काढतात का? – एक वाचक भगिनी, नागपूर

ताई, या प्रश्नासाठी मनापासून आभार, कारण मराठी सिनेमाचं खरं दुखणं इथे आहे.

मी मुंबईत नाझ बिल्डिंगमध्ये, लॅमिंग्टन रोडला, एका वितरकाकडे रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून लागलो. काम असं, की प्रिंटच्या पेटीबरोबर गावोगावच्या थिएटरला जायचं, हाफ टाइमला मॅनेजरच्या केबिनमध्ये बसायचं आणि स्टॉल, अप्पर, बाल्कनी अशा प्रत्येक वर्गाच्या तिकीटपुस्तकाचा पहिला नंबर आणि शेवटचा नंबर डीसीआरवर उतरवायचा. डीसीआर म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता. दोन नंबरांची वजाबाकी केली की किती डोकी आत आहेत ते कळायचं. मग दारात उभं राहून खरंच तेवढी माणसं आहेत का, हे नजरेने ताडायचं. या कामात एक सवय लागली ती आजतागायत गेली नाही. मी शुक्रवार बघत नाही, सोमवार बघतो.

शुक्रवारची गर्दी जाहिरातीची, नटाच्या नावाची, गाण्यांची. शनिवार-रविवार सुट्टीचा. सोमवारी दुपारी कामधंदा सोडून जो येतो तो कुणाच्या तरी सांगण्यावरून येतो. सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या निम्म्याच्या वर राहिला तर सिनेमाने पाय रोवले असं धंद्यात समजतात. तिसऱ्या हिश्शावर आला की थिएटरवाला पुढच्या आठवड्याचे खेळ कमी करतो, कारण येत्या शुक्रवारी दुसरे सिनेमे दारात उभे असतात. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक मंगळवार-बुधवारी ठरतं. म्हणजे सिनेमाला आपली बाजू मांडायला मिळतात शुक्रवार ते सोमवार, चार दिवस.

मराठी प्रेक्षकाची रीत मात्र वेगळी. आपण आधी विचारतो. वहिनी बघून आल्या, त्यांना आवडला, मग घरातली चार माणसं वेळ जुळवणार, आजींना झेपेल असा खेळ शोधणार, आणि दुसऱ्या शनिवारी निघणार. चांगल्या सिनेमाला हीच माणसं जगवतात. पण ती निघतात तोवर खेळ सकाळी पावणेदहाला गेलेले असतात. वर सांगितलेली टक्केवारी आठवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सिनेमा भरला तरी निर्मात्याचा वाटा तोवर उतरलेला असतो. सावकाश चढणाऱ्या सिनेमाला असा दोनदा मार बसतो, खेळही कमी आणि हिस्साही कमी. मला ही रचना अन्यायाची वाटते, आणि मराठी निर्मात्यांच्या संघटनांनी खेळांच्या संख्येइतकाच हा हिश्शाचा प्रश्नही लावून धरावा असं माझं ठाम मत आहे.

सावकाश चढलेले सिनेमे आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला लागला तेव्हा सुरुवातीचे दिवस धंद्यातले जाणते लोक पडला म्हणूनच सांगत होते, शेवट बदलण्यापर्यंत चर्चा गेली. पुढे मुंबईच्या मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला. त्या काळी थिएटरवाला थांबू शकत होता, कारण एका पडद्यावर एक सिनेमा असायचा आणि तो काढून दुसरा लावायचा म्हणजे पेट्या हलवाव्या लागायच्या. आज संगणकावर दोन बटणं दाबली की खेळ बदलतो.

आणि अलीकडचं उदाहरण, ‘बाईपण भारी देवा’. 30 जून 2023 ला लागला, पहिल्या दिवशी जेमतेम कोटीभर. पण दुसरा शनिवार-रविवार पहिल्यापेक्षा दुपटीच्या घरात गेला. भिशीचे गट, महिला मंडळं, सोसायटीतल्या बायका नऊवारी नेसून, नथ घालून एकगठ्ठा तिकिटं काढून येत होत्या. त्या एकत्र आल्या म्हणून दुपारचे खेळ भरले, दुपार भरली म्हणून थिएटरवाल्याने संध्याकाळ दिली. पाऊणशे कोटींच्या आसपास गेला तो सिनेमा. त्याआधी 2013 साली ‘दुनियादारी’ जोरात चालू असताना ऑगस्टमध्ये ‘चेन्नई एक्स्प्रेस’साठी त्याचे खेळ काढायची वेळ आली, तेव्हा राजकीय पक्षाला मध्ये पडावं लागलं. आणखी मागे, 1971 साली, दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरचं कोहिनूर थिएटर मिळावं म्हणून बाळासाहेब ठाकऱ्यांना लक्ष घालावं लागलं होतं. पन्नास वर्षांत या भांडणाचं नावगाव बदललं, भांडण तेच आहे. 2015 च्या एप्रिलमध्ये सरकारने मराठी सिनेमाला दुपारी 12 ते रात्री 9 या वेळात खेळ द्यायला सांगितलं. पण नियमाने खेळ मिळाला तरी खुर्चीवर माणूस बसवता येत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, मैत्रिणींचा बेत पहिल्याच आठवड्यात करा, जमल्यास सोमवार ते गुरुवार. दहा जणी असाल तर थिएटरच्या मॅनेजरला आधी फोन करा. सोयीची वेळ सांगा, माणसं किती ते सांगा. मॅनेजर हे वर कळवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रश्न : परीक्षणात चार तारे मिळालेला सिनेमा पडतो आणि दोन तारेवाला चालतो. मग परीक्षणाचा उपयोग काय? – एक वाचक, डोंबिवली

परीक्षण सिनेमा कसा आहे ते सांगतं. कोण बघायला जाईल ते सांगत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. 1975 सालीच, ‘शोले’च्याच वर्षी, ‘जय संतोषी माँ’ हा अगदी थोडक्या पैशांत केलेला सिनेमा देशभर तुफान चालला. बायका पूजेचं ताट घेऊन यायच्या, थिएटरच्या दाराशी चपला काढायच्या. त्या प्रेक्षकाने परीक्षण वाचून ठरवलेलं नव्हतं.

मात्र ज्यात मोठा नट नाही, गाणी नाहीत, अशा सिनेमाला चांगल्या परीक्षणाचा आधार लागतोच. ‘श्वास’ला 2004 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि लोकांना तो आहे हे कळलं. म्हणून परीक्षकांना माझी विनंती आहे, मराठी सिनेमाचं परीक्षण शुक्रवारी सकाळी येऊ द्या. मंगळवारी येणारं परीक्षण कितीही उत्तम लिहिलेलं असलं तरी तोवर खेळ कमी झालेले असतात.

प्रश्न : तिकीट स्वस्त केलं तर लोक येतील का? – एक वाचक, मडगाव

येतात, याचा पुरावा आहे. 23 सप्टेंबर 2022 ला राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून देशभर 75 रुपयांत तिकीट ठेवलं आणि थिएटरं सकाळपासून भरली. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्केच आहे, म्हणजे स्वस्त तिकीट लावणाऱ्याला करातही सवलत. छोट्या गावांतल्या थिएटरांनी याचा फायदा घ्यावा. मोठ्या शहरांतल्या मल्टिप्लेक्सचं भाडं आणि विजेचं बिल मोठं, तिथे रोज हे परवडेल असं मला वाटत नाही, पण मंगळवार-बुधवार परवडायला हरकत नसावी.

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी शेतजमिनीवर कर्ज काढून सिनेमा पूर्ण केला आहे. वितरक म्हणतो, महाराष्ट्रभर 300 थिएटरला लावू, दणका होईल. आमच्याकडे जाहिरातीला फारसे पैसे उरलेले नाहीत. काय करावं? – एक वाचक, लातूर

300 ला लावू नका. जमीन गहाण आहे म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहितोय.

एकेका पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाचे पैसे बहुतेकदा तुमच्याच खात्यातून जातात, सिनेमा बघायला दोन माणसं आली तरी. जाहिरात नसताना 300 ठिकाणी लावलं की प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस डोकी बसतील, सोमवारी सगळीकडून खेळ निघतील आणि मंगळवारी तुमचा सिनेमा ‘पडलेला’ ठरेल. तीच माणसं 40 थिएटरांत आली तर खेळ भरलेला दिसेल.

सिनेमाची बोली आणि माती मराठवाड्याची असेल तर लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, धाराशिव, सोलापूर इथून सुरुवात करा आणि पुणे-पिंपरीत जिथे तुमच्याकडची मुलं कामाला आहेत त्या भागातली थिएटरं घ्या. एक लक्षात ठेवा, धंद्याच्या नकाशात महाराष्ट्र एकसंध नाही. मराठवाडा निजाम सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागात, मोडतो, विदर्भ सीपी बेरारमध्ये आणि उरलेला बराचसा मुंबई सर्किटमध्ये. तुमच्या वितरकाचा हात यांपैकी कुठे पोचतो ते आधी विचारा.

तारीख ठरवताना दहावी-बारावीच्या परीक्षा, आयपीएल आणि मोठ्या हिंदी सिनेमाचा शुक्रवार टाळा. तुमच्या भागात पेरणी-काढणीचे दिवस कुठले ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तेही टाळा. हाती पैसा खेळतो तेव्हा गावचा माणूस कुटुंबासकट थिएटरला येतो.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या. एक, वितरक एमजी देतोय, म्हणजे ठरलेली रक्कम आधी मोजतोय, की नुसत्या कमिशनवर घेतोय. कमिशनवर असेल तर जोखीम सगळी तुमची, तेव्हा थिएटरांची संख्याही तुम्हीच ठरवायची. दोन, जाहिरातीचा कुठलाही खर्च तुमच्या लेखी संमतीशिवाय तुमच्या नावावर पडणार नाही. तीन, प्रत्येक थिएटरचा डीसीआर रोज तुमच्याकडे आला पाहिजे. आठवड्याची गोळाबेरीज चालणार नाही, रोजचा आणि खेळनिहाय हवा. सोमवारी रात्री तो चौघांनी मिळून वाचा. जिथे सोमवार टिकला असेल त्या गावाच्या आसपासची पाच-सहा थिएटरं दुसऱ्या आठवड्यासाठी मागा आणि जिथे पडला तिथून स्वतःहून खेळ कमी करा. करारावर सही करण्याआधी त्याची प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवलीत तर मी वाचून देईन.